गोळेश्वरचे खाशाबा

वार्षिक क्रीडामहोत्सवाचे दिवस जवळ आले म्हणजे नावे देण्यासाठी एक यादी वर्गावर्गांतून फिरते. ती लक्षपूर्वक पाहिली तर असे ध्यानात येते की ठरावीक दहाबारा नावे प्रत्येक खेळापुढे लिहिलेली असतात आणि उरलेल्यांची नावे कोठेच नसतात. या उरलेल्यांपैकी कोणी म्हणतो आपली उंची कमी, कोणी म्हणतो यंदा दहावीचे वर्ष, कोणाच्या घरून तसा निरोपच आलेला असतो. आणि मुलींच्या यादीचा कागद तर पुष्कळदा निम्माअधिक कोराच परत येतो. या उरलेल्यांसाठीच आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले आहे. ज्यांची नावे यादीत आधीच आहेत त्यांनीही ते खुशाल वाचावे. त्यांना मज्जाव नाही.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाड येथे कृष्णा आणि कोयना या दोन नद्या एकमेकींस समोरासमोर येऊन मिळतात. त्या कऱ्हाडला लागूनच गोळेश्वर नावाचे खेडे आहे. या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी दादासाहेब जाधव यांच्या घरी खाशाबांचा जन्म झाला. पाच मुलांत ते सर्वांत धाकटे. दादासाहेब स्वतः मल्ल होते, आणि सातारा-कोल्हापूरकडील शेतकरी घरांत मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वी मातीची ओळख होत असे. खाशाबांना वडिलांनी वयाच्या पाचव्या वर्षापासून कुस्तीचे धडे दिले. आठ वर्षांचे असताना त्यांनी त्या भागातील एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत अस्मान दाखविले, असे सांगतात. शाळकरी वयात ते एका कुस्तीलाच चिकटून राहिले असेही नाही. धावणे, पोहणे, वजन उचलणे, हातोडाफेक या सर्वांत त्यांनी हात घातला होता. एखाद्या मुलाने आपला खेळ कोणता हे ठरविण्यापूर्वी चार खेळ खेळून पाहावे, हे आम्हांला यावरून योग्य वाटते; परंतु हल्ली सातवीतल्या मुलाला देखील पालक विचारतात की तू क्रिकेट खेळणार की फुटबॉल, आणि उत्तर ताबडतोब हवे असते.

१९४० ते १९४७ या काळात खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत होते. याच शाळेत त्यांच्या अगोदर यशवंतराव चव्हाण शिकून गेले होते. शाळेची ही वर्षे म्हणजे बेचाळीसच्या चळवळीची वर्षे. सातारा जिल्ह्याने त्या लढ्यात किती मोठा वाटा उचलला हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, सरकारविरोधी पत्रके पोहोचविणे ही कामे खाशाबांनीही केली. सोळासतरा वर्षांचा हा मुलगा सकाळी तालमीत, दुपारी वर्गात आणि रात्री चळवळीत असा वावरत होता. तेव्हा अभ्यास आणि खेळ एकत्र जमत नाहीत असे जे म्हटले जाते त्याला खाशाबांचे बालपण काही दुजोरा देत नाही.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर ही त्या काळी कुस्तीची राजधानीच होती. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे खासबागेचे भव्य मैदान उभारले होते, पेठापेठांतून तालमी होत्या, आणि तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद मिसळून हौदा तयार करण्याची कला तेथील वस्ताद जाणत होते. खाशाबांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन मिळाले. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याचे डोके व मान काखेत धरून त्याला अंगावरून फेकून देण्याचा हा डाव ताकदीपेक्षा चपळाईवर आणि नेमक्या वेळेवर अवलंबून असतो. खाशाबांची उंची होती साडेपाच फुटांच्या आसपास, शरीर आटोपशीर. या शरीराला साजेल असेच त्यांनी तंत्र निवडले होते.

याच महाविद्यालयात घडलेला एक प्रसंग आम्हांला त्यांच्या ऑलिंपिक पदकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव देण्यास ते गेले तेव्हा त्यांची बारकी अंगकाठी पाहून तेथील क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव घेण्याचे नाकारले. दुसरा एखादा विद्यार्थी असता तर मान खाली घालून वसतिगृहाकडे चालता झाला असता. खाशाबा सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि त्यांनी आपली मागणी मांडली. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली. मग या बारक्या मुलाने आपल्याहून धिप्पाड असलेल्या मल्लांना एकामागून एक पाठीवर पाडले. आता त्या क्रीडाशिक्षकांना दोष देणे सोपे आहे. परंतु शिक्षकांच्या नजरेला मुलाची उंची दिसते, छाती दिसते. त्याच्या मनात काय आहे ते दिसत नाही. ते दाखविण्याची एकच वाट आहे, आणि ती म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः येऊन सांगणे. खर्डेकरांना जे कळले ते खाशाबा त्यांच्या दारापर्यंत गेले म्हणून कळले.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ चे सामने झालेच नव्हते. बारा वर्षांच्या खंडानंतर जग पुन्हा एकत्र येत होते. भारत स्वतंत्र होऊन वर्षही पुरते झाले नव्हते. कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांच्या प्रवासाचा खर्च उचलला आणि बावीस वर्षांचा हा तरुण सातासमुद्रांपलीकडे गेला. तेथे त्याच्यापुढे प्रतिस्पर्ध्यांआधी गादी उभी राहिली. आपल्याकडील कुस्ती मातीतली. तिच्यात खडाखडी होते, मल्ल एकमेकांस जोखतात, आणि जोडीदार चीतपट झाल्यावाचून निकाल लागत नाही. गादीवरच्या कुस्तीत घड्याळ चालते, गुण मोजले जातात, नियम निराळे, पायाखालची पकड निराळी. मातीत मुरलेल्या पायांना गादी अनोळखी. खाशाबांना तिचा सराव जवळजवळ नव्हताच. रीस गार्डनर नावाच्या प्रशिक्षकांनी त्यांना तेथे तयार केले. एवढ्या तुटपुंज्या तयारीवर ते ५२ किलोच्या गटात उतरले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्यांनी हरविले, इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले, आणि गटात सहावे आले.  दुसऱ्या कोणी तेवढ्यावर समाधान मानून आयुष्यभर लंडनच्या गोष्टी सांगितल्या असत्या. खाशाबांनी परत येऊन सरावाचे तास वाढविले, आणि पुढील चार वर्षांत ते ५७ किलोच्या म्हणजे वरच्या गटात लढू लागले.

हेलसिंकीची वाट मात्र मद्रासमध्येच अडली. तेथील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एक गुण कमी देण्यात आला आणि त्यामुळे संघातील जागा हुकली. पंचांनी हे हेतुपुरस्सर केले असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळांचे मोठे चाहते. त्यांनी पुन्हा चाचणी घेण्याची व्यवस्था केली. त्या चाचणीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला असे चीत केले की गुणांचा प्रश्नच उरला नाही. आधी प्राचार्यांची खोली आणि मग महाराजांचा दरबार, अशी ही दोन दारे त्यांनी ठोठावली. परंतु प्रत्येक वेळी मागितली ती फक्त लढण्याची संधी.

निवड झाली, पण पैसे कोठून आणावयाचे? आज राष्ट्रीय संघातील खेळाडूला स्वतःचे विमानाचे तिकीट काढावे लागत नाही. तेव्हा काढावे लागे. खाशाबांच्या मागणीवर मुंबई राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडून स्पर्धा झाल्यानंतर भेटावे असा निरोप मिळाला, असे सांगतात. मग घरचे आणि गावचे लोक वर्गणीसाठी बाहेर पडले. घरोघर फिरून पैसे गोळा झाले. दुकानदारांनी कोणी कपडे दिले, कोणी वाटेच्या शिधासामग्रीची तजवीज केली. तरीही बेरीज जमेना. तेव्हा बाळासाहेब खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले.

या वाक्यापाशी आम्ही थोडे थांबतो. १९५२ सालचे सात हजार म्हणजे शिक्षणक्षेत्रातील माणसाच्या दृष्टीने केवढी रक्कम होती, याचा हिशेब तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. पदक मिळेल याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते. कुस्तीत एक पाय घसरला की सारे संपते. खाशाबा पहिल्याच फेरीत हरून आले असते तर घर गेलेच असते, आणि लोकांनी प्राचार्यांना वेड्यात काढले असते. विद्यार्थ्यावर विश्वास आहे असे आम्ही शिक्षक भाषणांतून पुष्कळ वेळा म्हणतो. त्या विश्वासावर घराची कागदपत्रे सावकाराच्या हाती देणारा शिक्षक विरळा. खाशाबांच्या चरित्रात खर्डेकरांचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते, ते अपुरे आहे.

हेलसिंकी हे फिनलंडचे राजधानीचे शहर. तेथे १९५२ च्या जुलै महिन्यात सामने झाले. स्वतंत्र भारताच्या पथकात त्या वर्षी प्रथमच महिला खेळाडू होत्या, हे आमच्या विद्यार्थिनींनी विशेष लक्षात ठेवावे. निलिमा घोष आणि मेरी डिसोझा या धावण्यासाठी, डॉली नाझीर आणि आरती साहा या पोहण्यासाठी गेल्या होत्या. मेरी डिसोझा या मुंबईत वाढलेल्या, मूळ गोमंतकीय कुटुंबातील. आरती साहा तेव्हा अवघी अकरा वर्षांची, म्हणजे तुमच्या पाचवीसहावीतल्या मुलींएवढी होती. हीच मुलगी पुढे १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशिया खंडातील पहिली स्त्री ठरली. त्यांना त्या वर्षी पदके मिळाली नाहीत, पण मुलींच्या यादीचा कागद त्या वर्षी कोरा राहिला नाही.

खाशाबांनी कॅनडाच्या आद्रियां पोलिकँ याला, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरविले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीई याच्याशी. ही कुस्ती दीर्घकाळ चालली आणि थोडक्यात खाशाबांच्या हातून निसटली. याच इशीईने पुढे सुवर्णपदक मिळविले; महायुद्धात होरपळलेल्या जपानला युद्धानंतर लाभलेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. त्या दमविणाऱ्या लढतीनंतर लगेच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता, परंतु तो नियम पंचांना दाखवून देण्यासाठी त्या क्षणी तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत एकटा मल्ल काय बोलणार? तो घामाने निथळत पुन्हा गादीवर गेला आणि हरला. तरीही ५७ किलोच्या गटातील कांस्यपदक २३ जुलै १९५२ रोजी खाशाबा जाधवांच्या नावावर नोंदले गेले.

स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक जिंकण्याची ती पहिली वेळ. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्यात दोन रौप्यपदके मिळविली होती, पण तो काळ पारतंत्र्याचा होता. त्याच हेलसिंकीत दुसऱ्या दिवशी भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सचा सहा विरुद्ध एक असा पराभव करून सुवर्णपदक घेतले, आणि वर्तमानपत्रांचे बहुतेक रकाने त्या विजयाने व्यापले. कोल्हापूरचे केशव माणगावे हेही त्याच स्पर्धेत ६२ किलोच्या गटात लढले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले. आमच्या भागापुरते बोलावयाचे तर त्या दिवशी पेडणे महाल अद्याप पोर्तुगीज अमलाखाली होता. ज्या तिरंग्यासाठी खाशाबा लढले तो चोपड्याच्या माणसाला आपल्या अंगणात उजळ माथ्याने फडकविण्यास १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

पदक घेऊन खाशाबा कऱ्हाडच्या स्थानकावर उतरले तेव्हा गोळेश्वरचे आणि आसपासच्या गावांचे लोक बैलगाड्या घेऊन आले होते. शंभराच्या वर गाड्या होत्या. एरवी पाव तासाचा रस्ता त्या दिवशी सात तासांनी सरला, असे गावकरी पुढे सांगत असत. ज्या घरांनी पावली आठ आणे वर्गणी दिली होती ती सारी घरे त्या रस्त्यावर उभी होती. सरकारी सत्कार पुष्कळांना लाभतात. परंतु आपण ज्याला पाठविले तो परत आला, ही भावना सत्काराच्या हारांत नसते.

मिरवणूक आटोपल्यावर खाशाबांनी काय केले? त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत ते स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी खर्डेकरांचे कर्ज फेडून घर सोडविले. पदक हातात आल्यावर पहिल्याने गुरूचे घर आठवावे, एवढे भान त्यांना होते.

पुढील हकीगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती फारशी सुखाची नाही. १९५५ साली खाशाबा मुंबई राज्याच्या पोलीसदलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचा विचार मनात होता, परंतु गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि तो बेत कायमचा सोडावा लागला. पोलीसदलातील स्पर्धांत ते जिंकत राहिले, त्यांनी तरुण पोलिसांना शिकविले, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. ज्या देशाला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक पाहण्यासाठी चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले, त्या देशात पहिले पदक आणणारा माणूस कऱ्हाडच्या परिसरात दुचाकीवरून फिरताना कोणी ओळखीत नसे. ते पुढचे पदक १९९६ साली अटलांटा येथे टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळविले. लिअँडर यांचे वडील वेस पेस यांचा जन्म गोव्यातला. ते स्वतः १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. एवढा धागा आपल्या प्रदेशाशी जुळतो म्हणून येथे नोंदविला. कुस्तीतील पुढचे पदक तर २००८ साली बीजिंगला सुशील कुमार यांनी आणले, म्हणजे छप्पन्न वर्षांनी.

मध्यंतरीच्या या लांबलचक काळात आपल्या मुलांत ताकद नव्हती असे मानण्याचे कारण नाही. आगरवाड्याच्या मिठागरांत उन्हात राबणारे हात, शापोराच्या पात्रात होडी वल्हविणारे खांदे, भातकापणीनंतर रिकाम्या शेतात तीन काठ्या रोवून दिवस मावळेपर्यंत खेळणारी पोरे आम्ही रोज पाहतो. नव्हती ती त्यांची नावे लिहून घेणारी माणसे, आणि पुष्कळदा नाव सांगावयास पुढे येणारी मुले. २०२३ साली गोव्यात ३७ वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाली; त्या निमित्ताने मैदाने बांधली गेली, साहित्य आले. मैदान असणे ही मोठी सोय खरी. पण गोळेश्वरला काय होते? एक आखाडा, एक बाप आणि पहाटेची वेळ.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी कऱ्हाडजवळ रस्त्यावरील अपघातात खाशाबांचा अंत झाला. वय अठ्ठावन्न वर्षांचे. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. हयात असताना त्यांना केंद्र सरकारचा कोणताही मोठा किताब मिळाला नाही. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आणि २००० सालचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांच्या पश्चात जाहीर झाले. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल सामने भरले तेव्हा कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी; महाराष्ट्रात तो आता राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. संक्रांतीच्या आगेमागे येणारा हा दिवस आहे, आणि बहुतेक शाळांचे क्रीडामहोत्सवही याच सुमारास असतात.